पाण्याची पाळी सांगणारं घड्याळ

मित्रांनो, मी एक जुनं बोलकं घड्याळ आहे. तळहाताएवढं. बटण दाबलं की बाईच्या आवाजात हिंदीतून वेळ सांगतो. जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही, पाठीवरचं लेबलही पुसलंय. पण नाव कमावलं ते पेडगावात, सटवाजीआबांच्या खिशात बसून.

आबांना दिसत नाही. तरी कॅनॉलचं पाणी शेतात नेणाऱ्या चारीवर कोणाची पाळी संपली, कोणाची लागली, हे त्यांच्या शब्दावर ठरायचं. मोबाइल काय, सगळ्यांकडेच होते. पण पाळी संपत आली की ज्याचा त्याचा मोबाइल पाच मिनिटं मागे पडायचा. म्हणून सर्वांनी मिळून ठरवलं, आबांनी चारीवर बसायचं आणि मी सगळ्यांदेखत बोलायचं.

"बाई हिंदी बोलती, पण खरं बोलती," आबा म्हणायचे. मला लय बरं वाटायचं.

मग कॅनॉल बंद झाला आणि मी फडताळात पडलो तो पडलोच. आतले दोन सेल फुटले, त्यांचं पाणी पोटात सांडलं, स्प्रिंगा हिरव्या होऊन गळाल्या. पुन्हा पाणी सुटलं त्या दिवशी आबांनी बटण दाबलं, तर मी मुका.

"आबा, आता घरीच आराम करा की," कोणीतरी म्हणालं.

 आबांचा अंगठा बटणावरून हलेना.

त्यांची नात वैष्णवी दहावीत. शाळेत नुकतीच सोल्डरिंग शिकलेली, त्यामुळे घरातली कुठलीही वायर तिच्या तावडीतून सुटत नव्हती. तिने बंद पडलेल्या मोबाइलचा कप्पा बॅटरीसकट कापून माझ्या पाठीला बांधला. लाल वायरीत तांदळाएवढा डायोड जोडला.

"बॅटरीचा जोर सेलांपेक्षा जास्त हाय, आबा. ह्यातून गेला की कमी होतो," ती म्हणाली.

बटण दाबलं. आवाज नाही. ती भिंग आणायला आत गेली, तेवढ्यात शेतातल्या मोटारी दुरुस्त करणारे महारुद्रकाका पुढे सरसावले. गरम सोल्डर गन उचलली आणि बॅटरीकडच्या दोन्ही वायरी अदलाबदल करून मोकळे झाले.

"आगं, मोटार उलटी फिरली की आमी हेच करतो," ते भिंग घेऊन आलेल्या वैष्णवीला म्हणाले.

वैष्णवीचा चेहराच उतरला. "काका, ही मोटार न्हाई. ह्यात उलटं गेलं की जळतंय."

"जळालं का गं?" आबांनी विचारलं.

 वैष्णवीने मला हातात घेऊन पालथं केलं. मग तिची नजर डायोडवर गेली.

"थांबा. हा डायोड करंट एकाच बाजूनं जाऊ देतो. उलटं आलं तर दारातच अडवतो."

तिने वायरी पूर्ववत केल्या. मग भिंगातून पाहिलं, तर चूक तिचीच होती. हिरवा गंज न खरवडता सोल्डरचा डाग दिलेला, म्हणून तो धरलाच नव्हता. तिने ब्लेडने खरवडून नव्याने डाग दिला. थेंब आरशासारखा चमकला.

"समय है, रात के बारह बजे," मी भर दुपारी म्हणालो.

काका हसायला लागले.

"हसू नको महारुद्रा, बोलायलंय ना ते," आबा म्हणाले. "वेळ आपण लावू."

दुसऱ्या दिवशी पहिली पाळी महारुद्रकाकांचीच संपत होती. मी वेळ सांगितली. काकांनी एकदा खिशातल्या मोबाइलला हात लावला, मग मुकाट्याने जाऊन आपलं पाणी बंद केलं.

मित्रांनो, आम्हाला ठेवून देताना आतले सेल तेवढे काढत जा. आणि आम्ही गप्प झालो म्हणून घाईने फेकू नका. आमच्या भरवशावर कोण बसलंय, ते आधी बघा.