चार नंबरची प्रत

डिंककाकांना पुस्तकं वाचायची सवय नव्हती. राग वगैरे काही नाही हो, पण अडतीस वर्षं ग्रंथालयाच्या तळघरात बसून फाटकी पुस्तकं शिवणाऱ्या माणसाला पुस्तक म्हणजे काय? पुठ्ठा, दोरा, कापड आणि खळ. आत काय लिहिलंय ते लिहिणारा बघून घेईल! जिन्यावरून ते गेले की मागे डिंकाचा वास रेंगाळायचा, म्हणून वरची पोरं त्यांना डिंककाका म्हणायची. खरं नाव पगाराच्या कागदावर होतं, ते तिथेच राहिलं.

एका गुरुवारी सकाळी ग्रंथपालबाई दोन-दोन पायऱ्या उतरत तळघरात आल्या. या बाईंना हळू चालताना कोणी पाहिलेलं नाही आणि हळू बोलताना तर नाहीच नाही.

"काका, तुमचे ते डबे काढा बरं!"

"कसले डबे?" काका सुईवरची नजर न काढता म्हणाले.

"आता वेड पांघरू नका. चिठ्ठ्यांचे डबे! मला काय माहीत नाही होय?"

काकांचे कान लाल झाले. चोरी पकडली गेली होती, बावीस वर्षांची.

त्याचं असं आहे. या ग्रंथालयात फार जुनी रीत आहे. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी एक कागदी खिसा, खिशात कोऱ्या चिठ्ठ्या. पुस्तक संपलं की वाचणाऱ्याने आपलं मत लिहून खिशात टाकायचं. चिठ्ठीवर पुस्तकाचं नाव आणि प्रतीचा नंबर मारलेला असतो. खिसा फुगला की वरचे लोक तो रिकामा करून चिठ्ठ्या तळघरात पाठवतात, रद्दी म्हणून. शिवलेल्या पानांच्या पाठीवर जाड रद्दीच्या पट्ट्या चिकटवाव्या लागतात, त्याला अस्तर म्हणतात. अस्तर दिलं नाही तर पुस्तक महिन्याभरात मान टाकतं. तर पोरांची मतं कापून अस्तरात घालायची, हे काकांचं काम. आणि ते काही त्यांच्याने होईना. वेडंवाकडं का होईना, पोरांनी जीभ बाहेर काढून लिहिलेलं अक्षर. त्यावर सुरी कशी चालवायची? मग त्यांनी चिठ्ठ्या डब्यांत भरून ठेवल्या. वाचल्या मात्र एकही नाहीत.

"'ढगाखालचं दार' आपल्याकडे येऊन पंचवीस वर्षं होतायत," बाई म्हणाल्या. "रविवारी मोठा फळा लावणार. एका बाजूला आवडलं म्हणणारे, दुसऱ्या बाजूला नावडलं म्हणणारे. होऊ दे भांडण! या पुस्तकावरून घराघरांत भांडणं झालीत काका. तुम्ही वाचलंत ना?"

"शिवलंय," काका म्हणाले.

बाईंनी कपाळावर हात मारून घेतला आणि आल्या तशा वर पळाल्या.

काकांनी डबे काढले आणि मोठ्या टेबलावर त्या पुस्तकाच्या चिठ्ठ्या ओतल्या. आवडलं, नावडलं असे दोन ढीग करायचे तर वाचणं आलंच. चष्मा पुसून ते बसले.

गोष्ट त्यांना ऐकून ऐकून माहीत होती. कुणाला माहीत नाही? एका मुलीची आई जाते. मुलगी ढगाखालच्या दारातून एका राज्यात शिरते, तिथे घड्याळं उलटी चालतात, मांजरं उडतात, राजाला स्वतःचं नाव आठवत नाही. मागे घरी तिचे बाबा एकटे. सगळी संकटं पार करून मुलगी परत येते, तर दार बंद.

चिठ्ठ्या वाचता वाचता काकांना हसू यायला लागलं. एकाने लिहिलं होतं, "राजा बिनडोक आहे. उडणारं मांजर असताना चालत कशाला जातो?" एक बाई लिहीत होत्या, "अशा थापांनी मुलं अभ्यासातून उठतात. पुढचा भाग कधी येणार?" कुणा आजोबांनी कबूल केलं होतं, "नातवाला वाचून दाखवत होतो. नातू झोपला. मी थांबलो नाही."

भांडण खरं होतं ते शेवटावरून. बरेच जण म्हणत, शेवट गोड, शेवटासाठी वाचा. आणि बाकीचे? "इतका वाईट शेवट मी कुठे वाचला नाही." "आईने पुस्तक लपवून ठेवलं कारण मी जेवले नाही." आणि एक चिठ्ठी, पेन्सिल दाबून दाबून कागद फाटलेली: "माझी मैत्रीण खोटारडी आहे. ती म्हणते बाबा दार उघडतात. आमची कट्टी आहे. कायमची."

काका थबकले. आवडणं-नावडणं ज्याचं त्याचं, ठीक आहे. पण दार उघडलं की नाही, यात मत कुठून आलं? त्यांनी चिठ्ठी उलटून नंबर पाहिला. चार. रडक्या ढिगातली दुसरी उचलली. चार. तिसरी, चार. दहावी, चार. गोड शेवटवाल्यांचे नंबर एक, दोन, तीन, पाच.

चार नंबरची प्रत त्यांना चांगलीच आठवत होती. आठवणार नाही तर काय! ती त्यांनी घरी बांधली होती, लेकीसाठी.

तेव्हा बायकोला जाऊन दोन महिने झाले होते आणि लेक बारा वर्षांची होती. ग्रंथालयातली पोरं ज्या पुस्तकावर तुटून पडतात ते तिला हवं होतं. चार नंबरची प्रत खिळखिळी होऊन आली होती, काकांनी ती घरी नेली. जन्मात कुठलं पुस्तक बांधलं नसेल इतक्या निगुतीनं बांधलं. दुहेरी दोरा, दुहेरी अस्तर. बाकीच्या प्रती दर दोन वर्षांनी तळघरात यायच्या. चार नंबर बावीस वर्षांत एकदाही परत आली नाही.

लेकीने पुस्तक तीन दिवसांत वाचलं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ती काकांच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, तिच्या बाबांनी दार का नाही उघडलं?"

काका टेबलाशी वाकलेले होते. पाठमोरेच म्हणाले, "असतील कामात."

ती थोडी थांबली, मग गेली. त्यानंतर तिने त्यांना काही विचारलंच नाही. कुठल्या कॉलेजात जाऊ, नाही. नोकरी घेऊ का, नाही. सगळं ठरवून मग सांगायची, ऑफिसातली नोटीस वाचावी तशी. आता चौतीस वर्षांची आहे, दूरच्या शहरात. दर रविवारी अकरा वाजता तिचा फोन येतो. "बरे आहात?" "बरा आहे." "गोळ्या घेता ना?" "घेतो." "ठेवते मग." "बरं." पावणेदोन मिनिटं. काका फोनवर आकडा बघतात, म्हणून माहीत. उरलेला आठवडा त्या घरात माणसाचा आवाज नसतो. कधीकधी काका कुकरला म्हणतात, हो रे बाबा, आलो. ऐकणारं कोण आहे, लाजायचं कुणाला?

काका जिना चढून वर गेले आणि चार नंबर आणि दोन नंबर अशा दोन प्रती घेऊन खाली आले. बाई मागून काहीतरी ओरडल्या, त्यांनी लक्ष दिलं नाही.

दोन नंबरची पानं दोनशे सोळा होती. चार नंबर दोनशे आठवर संपत होती. पुस्तकं सोळा-सोळा पानांच्या घड्यांनी छापतात. उरलेली आठ पानं म्हणजे शेवटची अर्धी घडी, पातळ, सैल, कुठेही घसरणारी. आणि दैव बघा, दोनशे आठव्या पानाचं शेवटचं वाक्य पूर्ण होतं. "तिने पुन्हा दार वाजवलं. आतून कुणी उठलं नाही." पूर्णविराम. लगेच चिठ्ठ्यांचा खिसा. शंका यायला जागाच नाही!

काकांनी सुरी घेतली. आपल्या सगळ्यात चांगल्या बांधणीवर सुरी चालवत त्यांनी पाठीचं कापड सोडवलं. अस्तर ओल्या फडक्याने भिजवलं, दहा मिनिटं थांबले, आणि पट्टी हळूच सोलली. पट्टीवर छापील अक्षरं होती. पट्टी कापलेली असल्याने ओळी अर्ध्या-अर्ध्याच होत्या. एक ओळ मात्र धड वाचता आली: "...बाबांनी कडी काढली आणि..."

लेकीचं पुस्तक टिकावं म्हणून दुहेरी अस्तर हवं होतं, हाताशी सापडला तो कागद त्यांनी न वाचता कापला होता. एरवी कधी वाचत होते, म्हणून तेव्हा वाचतील! अडतीस वर्षांत असली चूक नाही, आणि केली ती घरच्याच पुस्तकात.

दोन नंबर उघडून त्यांनी ती आठ पानं वाचली, उभ्याने. बाबा पहिल्या दिवसापासून दाराच्या आतल्या बाजूला बसूनच होते. बसून बसून पाय गेले होते, उठता येईना. मग ते सरपटत गेले आणि त्यांनी कडी काढली. "किती वेळ वाजवत होतीस?" बाबांनी विचारलं. "थोडाच," मुलगी म्हणाली, आणि ते खोटं होतं.

पुस्तक संपलं. काकांना रडू आलंच, पण त्या रडण्यात आनंदही होता, खोटं कशाला बोला. म्हणजे चूक पुस्तकाची होती! आठ पानांची! पोरीला अर्धीच गोष्ट मिळाली आणि तिने ती मनाला लावून घेतली. उरलेली सांगितली की झालं.

मग त्यांनी डब्यात शोधलं. तिची चिठ्ठी असणारच, आणि होती. तिरकी मान केलेला तो 'श' त्यांनी लगेच ओळखला. "प्रत चार. शेवट बरोबर आहे. बाबा लोक कामात असतात. पुस्तक खरं आहे."

बावीस वर्षं ही चिठ्ठी त्यांच्या खुर्चीपासून हातभर अंतरावर होती.

रविवारपर्यंत थांबणं शक्यच नव्हतं. त्यांनी फोन लावला.

"काय झालं?" लेकीचा आवाज घाबरा. "पडलात का? कुठे आहात?"

"पडलो नाही गं. मी वाचून दाखवतो, तू ऐक."

"आत्ता? बाबा, मी ऑफिसात आहे."

"आठच पानं आहेत."

आणि ते वाचत सुटले. जोडाक्षरांवर अडखळले, एकदा पान चुकले, पण थांबले नाहीत. पलीकडे टाइप केल्याचे आवाज येत होते, ते हळूहळू बंद झाले. शेवटच्या ओळीपर्यंत आले तेव्हा काकांना धाप लागली होती.

"चूक माझी झाली, बेटा. तुझ्या प्रतीत ही पानं नव्हती. मीच कापली. त्याने दार उघडलं होतं, कळलं का? उघडलं होतं!"



"मला माहीत आहे, बाबा," ती म्हणाली. "कॉलेजात मैत्रिणीकडे होतं ते पुस्तक. वाचलं मी शेवटपर्यंत."

"मग? मग बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं?" तिचा आवाज चढला नव्हता, तोच तर त्रास होता. "पुस्तकातल्या बाबांनी उघडलं. छानच आहे की ते."

समोर ती ओली पट्टी वाळून गुंडाळली जायला लागली होती. पुस्तकाने काहीही केलं नव्हतं. बिचारं पुस्तक!

"गोळ्या घेता ना?" लेकीने विचारलं.

"घेतो."

"ठेवते मग."

"बरं" हा शब्द अगदी ओठांवर आला होता. काकांनी तो गिळला.

"ठेवू नकोस," ते म्हणाले. "मी कामात नव्हतो."

"काय?"

"त्या संध्याकाळी. तू मागे उभी होतीस ना, तेव्हा. माझ्या हातात सुई होती, पण दोरा नव्हता तिच्यात. मी रडत होतो गं. तुझी आई गेल्यापासून त्या वेळेला रोज यायचं रडू. मला वाटलं, वळलो तर तुला दिसेल. बापच असा रडतोय म्हटल्यावर पोरीने कुणाकडे बघायचं? म्हणून वळलो नाही. बाकी काही नव्हतं. तुझ्यापेक्षा मोठं काम कुठलं होतं मला?"

पलीकडे कुणीतरी तिला हाक मारली. तिने फोन बाजूला धरला असावा, दुरून तिचा आवाज आला, "तुम्ही सुरू करा, मी येते नंतर." मग दार लागल्याचा आवाज झाला आणि सगळं शांत झालं. तिचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

काकांनी फोन दोन्ही हातांनी धरला.

"किती वेळ उभी होतीस गं मागे?"

लेक रडत होती, ते त्यांना आता कळलं.

"खूप वेळ, बाबा," ती म्हणाली. "खूप वेळ उभी होते."

आणि तिने फोन ठेवला नाही.