पोटातली खाच

मित्रांनो, मी एक जुनी पितळी पुंगळी आहे. रायफलची गोळी उडून जाते आणि मागे उरते, ती मी. लोक मला कचरा समजतात, पण अमेरिकेत मोंटानातल्या हार्लनला विचारा! तो आम्हाला धुऊनपुसून, नवी दारू आणि नवी गोळी भरून पुन्हा पुन्हा कामाला लावत असे.

आम्ही पन्नास बहिणी परदेशातून आलो. महागड्या, जाड अंगाच्या आणि सगळ्या एका मापाच्या. हार्लनचा मेहुणा वेंडेल मात्र नेमबाजीच्या मैदानावर पडलेल्या पुंगळ्या कॉफीच्या डब्यात गोळा करी.

"दाजी, एल्क हरणाला काय कळतंय कुणाचं पितळ ते?" तो चिडवी.

"एल्कला नाही कळत. निशाण्याच्या कागदाला कळतं," हार्लन म्हणे. आणि खरेच, आमच्या गोळ्यांची भोके कागदावर एकमेकांना चिकटून पडत. तेव्हा मला काय मिरवल्यासारखे वाटे!

प्रत्येक बाराला मी फुगे, मग साच्यात दाबली जाऊन पुन्हा सडपातळ होई. त्यात बुडाजवळचे अंग थोडे थोडे झिजे. वेंडेल आपल्या पुंगळ्या भरण्यापूर्वी वाकड्या तारेने आतून चाचपून बघे, कारण त्याचा त्यांच्यावर भरवसा नव्हता. हार्लन आम्हाला कधीच तपासत नसे, कारण त्याचा आमच्यावर होता. दहा वेळा वापरून झाल्यावर माझ्या पोटात एक खाच पडली. मला ती जाणवत होती, पण सांगणार कशी?

त्या वर्षी हार्लनच्या बायकोला, लोरेटाला, एल्कच्या शिकारीचा परवाना मिळाला. नऊ वर्षे सोडतीत नाव घातल्यावर! तिचा एक डोळा लहानपणीच गेलेला. मी नळीत फाटले असते, तर तापलेला वायू मागे उसळून तिच्या दुसऱ्या डोळ्यावर आला असता. माझा जीव कासावीस झाला.

तिच्या शिकारीसाठी हार्लन गॅरेजमध्ये मला अकराव्यांदा भरायला बसला.

"तुमच्या ह्या राजकन्यांना एकदा तार लावून बघा की, दाजी," वेंडेल म्हणाला.

"त्या काय डब्यातल्या आहेत?" हार्लन फणकारला.

लोरेटा कॉफी घेऊन आली होती. "चाप मी ओढणार. गाल माझा, डोळा माझा. आण ती तार इकडे!"

तार माझ्या पोटात फिरली आणि थांबली.

"इथं अडकतंय."

"काजळी असेल गं."

"मग स्वतः बघ ना!"

हार्लनने स्वतः तार फिरवून बघितली. त्याने मला करवतीने उभी चिरली. खाचेपाशी कागदाएवढेच पितळ उरले होते.

"लोरे, मी ही तुझ्या हातात दिली असती..."

वेंडेलने थट्टा केली नाही. "वाईट निघाली का, दाजी?"

"नाही रे. चांगलीच होती. चांगली म्हणून मीच तिला पुरती पिळून काढली."

आणखी सहा बहिणी तशाच निघाल्या. "परत ह्याच मागव," लोरेटा म्हणाली, "पण तार मी लावणार."

आता मी चिरलेली, त्याच्या कामाच्या टेबलावर असते. थोडे वाईट वाटते. पण लोरेटा वाकून माझ्याकडे बघते, तेव्हा तिच्या त्या एका डोळ्यात मी मला दिसते.

मित्रांनो, चांगल्या वस्तू जरूर आणा, जपून वापरा. पण कधीतरी त्यांना हात लावून बघा. 'दमले' असे आम्हाला म्हणता येत नाही.