अंगाऱ्याच्या वाटीतल्या दोन रेषा

माझी नात भाविका लग्न होऊन चाळीसगावला गेली, ते वर्ष दोन हजार तेवीस. त्याच उन्हाळ्यात शिरपूरजवळ धारणबाबाच्या मांडवात बायांची रीघ लागली होती.

प्रत्येकीच्या हाती तांब्याची वाटी, तळाला चिमूटभर पांढरा अंगारा. बाई पडद्याआड जाऊन वाटीत लघवी आणायची, चेला गर्भ तपासायची पट्टी बुडवायचा. दोन रेषा उमटल्या की बाबा ओरडायचा, "गर्भ बसला!" अन् मांडव अहिराणीत म्हणायचा, "बसना! बसना!"

एकही वाटी वाया गेली नाही. कपाशीचं बीसुद्धा सगळंच्या सगळं उगवत नाही. मला भीती वाटली ती तिथेच.

रांगेत माझी नातसून मयुरी होती. पाचच दिवसांपूर्वी धुळ्याच्या दवाखान्यात बाहेर तयार केलेला गर्भ तिच्या पिशवीत सोडला होता. तिथल्या प्रयोगशाळेतल्या संघमित्राताईंनी समजावलं होतं, "लेझरनं गर्भाचं कवच जरा उघडलंय. त्यातून बाहेर पडून पिशवीला चिकटायला मदत होऊ शकते. खात्री नाही. चौदाव्या दिवशी रक्त तपासू."

खात्री बाबाकडे होती. "डॉक्टरनं कवच फोडलं! उघडं बी कोण धरील? माझा अंगारा! आता सव्वा महिना सुई नाही, दवाखाना नाही. लोखंड टोचलं की गर्भ सुटला!"

दोन रेषा आल्या. माझ्या सुनेनं, प्रमिलाबाईनं, बाबाचे पाय धरले.

"निदान रक्त तर तपासा," मी म्हणालो.

"आबा, अपशकुन नका करू. सात वर्षांनी बसलाय," प्रमिलाबाई म्हणाली.

मी गप्प बसलो.

महिन्यानं मयुरीच्या पोटात एका बाजूला कळा येऊ लागल्या. बाबा म्हणाला, "मूळ धरतंय." थोडं रक्त गेलं. बाबा म्हणाला, "जुनं पाप जातंय."

मी औषधाच्या दुकानातून पट्टी आणली. पाकिटावरची अक्षरं जुळवत वाचलं: भांडं स्वच्छ आणि कोरडं घ्या. मग अंगारा कशाला? मांडवात गेलो, अंगारा घालून मांडलेल्या वाट्यांतली एक उचलली, पडद्याआड जाऊन आलो आणि भर गर्दीत माझी पट्टी बुडवली.

दोन रेषा.

"आबा, कितवा महिना लागना तुमले?" शेजारचा निंबा ओरडला. मांडव खदखदला. बाबा हसला नाही.

संघमित्राताईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "गर्भ धरला की बाईच्या अंगात जे द्रव्य तयार होतं, त्याच्या इंजेक्शनची पूड विकत मिळते. तीच त्या अंगाऱ्यात असणार. मग कुणाचीही पट्टी दोन रेषा दाखवील." आणि एकदम आवाज बदलला. "मयुरी कशी आहे? खांदा दुखतोय का तिचा?"

"सकाळपासून."

"आत्ता निघा. पिशवीत सोडलेला गर्भ कधी कधी नळीत सरकून अडकतो, मग पोटात रक्त साचून खांदा दुखतो."

घरी पोचलो तर प्रमिलाबाई दारात आडवी. "सव्वा महिन्याला दोनच दिवस राहिले, आबा!" तिला बाजूला करून मयुरीला गाडीत घालेपर्यंत पोरीचे ओठ पांढरे पडले होते.

गर्भ खरोखर धरला होता, पण नळीत, असं डॉक्टरांनी नंतर सांगितलं. नळी फुटली. रक्त तपासून सोनोग्राफी केली असती तर ते आधीच कळलं असतं. धरला की नाही एवढंच पट्टी सांगते, कुठे धरला ते सांगत नाही. बायांनो, पोटात दुखलं तर डॉक्टरला दाखवा. म्हाताऱ्यांनो, शंका आली तर माझ्यासारखे गप्प बसू नका.

मयुरी, वय एकोणतीस, दोन जून दोन हजार तेवीस रोजी दुपारी, धुळ्याच्या वाटेवर नरडाण्याजवळ गाडीतच वारली.