पदराआधी डोकं

शकूरचाचांनी तिसऱ्यांदा डोळे खोडले. चुरा फुंकून त्यांनी कागद पुन्हा संजीवनीपुढे सरकवला.

"परत वर गेले, ताई."

अंडाकृतीच्या बरोबर मध्यावर आडवी रेघ होती. तिनेच पट्टी लावून मारलेली. तरी डोळे तिने दोन बोटं वर काढले होते. सगळेच तसं करतात, असं चाचा म्हणाले. माणूस चेहरा पाहतो. डोळ्यांच्या खाली जितकं, तितकंच वरही असतं, यावर कोणाचा विश्वास बसत नाही. कपाळ, केस, टाळू हे सगळं त्याच्या लेखी रिकामंच.

मलकापूरच्या स्टेशन रोडवर त्यांनी चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या होत्या, पुढाऱ्यांची तोंडं काढली होती. फ्लेक्स आले आणि काम थांबलं. पाच दिवसांपूर्वी संजीवनी आईचं चित्र काढून मागायला आली, तेव्हा त्यांनी आधी आपला थरथरता हात दाखवला. मग म्हणाले, "अन् हात चालला असता तरी, मी काही पाह्यलं नाही तुमच्या आईले. माझ्या हातून माझीच बायको निघन. तुम्ही पाह्यलं, तुम्हीच काढा. डोकं कसं बसवायचं ते सांगतो."

शाळा सुटल्यापासून तिने पेन्सिलीने फक्त पुस्तकांच्या समासात खुणा केल्या होत्या. पण दुसरा उपाय नव्हता. आईचं वर्षश्राद्ध परवावर आलं होतं.

तसा एक फोटो होता. अविनाशने, तिच्या भावाने, स्टुडिओतून करून आणलेला. आधार कार्डावरचा आईचा चेहरा कापून संगणकातल्या एका तयार बाईच्या अंगावर बसवला होता. हिरवा शालू, गळ्यात चार पदरी हार, रुपयाएवढं कुंकू. आईकडे यांतलं कुंकू तेवढं खरं होतं. बाबांनी चष्मा पुसून फोटो जवळून पाहिला, खालपासून वरपर्यंत, सावकाश. मग विचारलं, "ही कोण बाई आहे?"

अविनाशला वाटलं, त्यांना दिसत नसेल. पण बाबांनी फोटो भिंतीवर लावू दिला नाही. परक्या बाईला हार घालणार नाही म्हणाले. वडनेरहून मावशा येणार, हार कोणत्या फोटोला घालायचा, म्हणून अविनाश रोज चिडत होता. बाकीचे फोटो लग्नकार्यांतले. त्यांत आई कुठेतरी कडेला, मान खाली, पदर भुवयांपर्यंत.

संजीवनीने नवा कागद घेतला. पदराची कमान काढली आणि तिच्या आत नाक काढायला लागली. चाचांनी तिचा हात थांबवला.

"हे पाहा. म्हणून वर जाऊन राह्यले डोळे. तुम्ही आधी पदर काढता, अन् त्यात मावन तेवढा चेहरा बसवता. पदराखाली डोकं आहे का नाही? आधी डोकं काढा. केस काढा. मग घाला पदर."

संजीवनी कागदाकडे पाहत राहिली. आईचे केस कुठून सुरू होत, हे तिला माहीत नव्हतं. आई सगळ्यांच्या आधी उठायची, न्हायची, वेणी घालायची. घर जागं होई तेव्हा पदर डोक्यावर असायचा. पंचेचाळीस वर्षांच्या लेकीला आईचं कपाळ माहीत नसावं, याची लाज वाटण्याइतकंही त्राण तिच्यात उरलं नव्हतं. महेजबीनने, चाचांच्या सुनेने, आणून ठेवलेला चहा गार झाला होता. तो तिने तसाच पिऊन टाकला आणि बाबांच्या घरी जायला धामणगावची बस पकडली.

बसमध्ये खिडकीला डोकं टेकल्यावर तिला दवाखाना आठवला. शेवटच्या दिवशी ती नाशिकहून पोचली तेव्हा आई शुद्धीवर नव्हती. अंगात दवाखान्याचा झगा होता. सुई टोचलेला हात पुन्हा पुन्हा डोक्याकडे जात होता, काहीतरी चाचपत होता. नर्सला वाटलं, डोकं दुखतंय. संजीवनीला मात्र समजलं होतं. तिने चादर वर ओढून आईच्या डोक्यावर घेतली आणि हात शांत झाला.

चादर ओढण्याआधी क्षणभर तिने पाहिलं होतं. रुंद कपाळ, बरंच वर गेलेलं. कानशिलाशी विरळ झालेले पांढरे केस. भांगात कुंकवाची जुनी, पुसट रेघ.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती स्वयंपाकघरात ओट्याशी बसली. पट्टीने उभी रेघ मारली, ती अर्धी केली. डोळे अर्ध्यावर काढले. ते फार खाली गेल्यासारखे वाटले, तरी तिने हलवले नाहीत. मग कपाळ काढलं, जसं दिसलं होतं तसं. केस. भांग. नाक नीट जमलं नाही, एक कान मोठा झाला. तिने पेन्सिल ठेवली. आता पदर घालायचा होता, पण हात उचलवत नव्हता.

बाबा पाणी प्यायला आत आले. माठातून पेला भरून वळले, तेव्हा कागद त्यांच्या समोरच होता.

तिला वाटलं, आता चष्मा पुसतील, जवळ येतील. त्यांनी नजर खाली घेतली. पेला तसाच हातात राहिला.

"पदर घे तिच्या डोक्यावर," ते हळू आवाजात म्हणाले. "उद्या माणसं येतीन."

संजीवनीने पेन्सिल उचलली. तिचं होईपर्यंत ते दाराकडे तोंड करून उभे राहिले.