पाचवीचा कागद

निर्मळच्या तळ्याची शपथ, ह्यातला शब्दन् शब्द खरा आहे. खोटं निघालं तर माझ्या वाडीतल्या राजेळी केळीला सात वर्षं घड धरू नये. तरी पटत नसेल तर माझे उरलेले चार दात आत्ता इथे गळून पडू देत. आणखी काय गहाण ठेवू?

वटारला विद्याधरांची वाडी आहे. पुढे नारळ, मधे केळी, मागच्या अंगाला पानवेली. त्यांची बायको शांता. शांता म्हणजे लाखात एक बाई. हुशार, देखणी. तिने वाळवलेली सुकेळी चाखायला म्हणून एका साहेबाने अर्ध्या वाटेवरून विमान परत फिरवलं होतं. तिचा मुलगा देवेश, सून हेमांगी, नात तेजस्वी. गोष्ट मात्र हेमांगीची.

तेजू सहाची झाली आणि पायऱ्या चुकायला लागली. आधी वाटलं, पोर धांदरट आहे. मग चष्मा लागला. चष्म्याने भागेना. मग एका दुपारी जेवताना हातातला घास तसाच राहिला नि पोरीला फिट आली. आठव्या वर्षी पाठ असलेले पाढे गेले. हेमांगी रोज दूध देताना विचारायची, "तेजू, आजोबांचं नाव काय?" सुरुवातीला उत्तर लगेच यायचं. पुढे पुढे दूध निवायला लागलं.

मोठ्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. एक खोट आईकडून, एक खोट बापाकडून. दोघांना वेगवेगळं काहीच होत नाही, पण पोरीत दोन्ही एकत्र आल्या. मेंदूतल्या पेशींचा कचरा बाहेर पडत नाही, आतच साठतो, आणि पेशी मरतात. औषध? नाही.

नंदाखालची आल्बिना मुंबईच्या एका लॅबमध्ये ह्याच आजारावर काम करायची. एका रविवारी चर्चमधे मिस्सा आटपून ती थेट वटारला आली.

"तेजूच्या दंडावरून तुरीच्या डाळीएवढी कातडी घेऊ," ती हेमांगीला म्हणाली. "त्या पेशींना मागे न्यायचं, पोटातल्या गर्भाच्या वेळी असतात तशा करायच्या. मग त्यातून मेंदूचे बारीक गोळे वाढवायचे. मसुराएवढे. तेजूच्या मेंदूत काय बिघडतं ते त्यांच्यात दिसेल, आणि औषधं तिच्यावर नाही, त्यांच्यावर करून बघता येतील."

"म्हणजे पानवेलीची कांडी," विद्याधर म्हणाले. "वेलीला मर लागली तर कांडी वेगळी लावून बघायची."

"अगदी तसंच, काका."

हेमांगीने एकच विचारलं. "त्या गोळ्याला दुखतं का?"

आल्बिना म्हणाली, "त्याला डोळे नाहीत, कान नाहीत, अंग नाही. माझ्या माहितीप्रमाणे नाही दुखत."

"माहितीप्रमाणे," हेमांगी म्हणाली. पण तिने सही केली. तेजू रडली ती टाक्याला नाही, खाऊ मिळाला नाही म्हणून.

चार महिन्यांनी फोन आला, पहिले गोळे वाढायला लागले. आणि इथे शांताने घोळ घातला. तिने देवघराला पडदा लावला आणि नवऱ्याला पानवाडीत जायला बंदी केली.

"का?" विद्याधर ओरडले.

"घरात जन्म झालाय. सोयर आहे. विटाळात वेलीला हात लावाल तर वाडी बसेल."

"अगं, तो काचेच्या बशीत आहे! तिकडे मुंबईत!"

"रक्त आपलंच ना? मग सोयर मुंबईहून येतं."

पानं खुडायला आलेली, आणि शांता दारात पाट टाकून बसलेली. दहा दिवस! वेली एवढ्या वाढल्या की एक शेंडा अर्नाळ्याच्या किल्ल्यावर पोचला म्हणतात.

हेमांगीला हसू येत नव्हतं. तिला वाटायचं, आई म्हणतात तसं खरंच काही जन्माला आलं असेल तर? तेजूचाच एक तुकडा तिथे काळोखात आहे, आणि त्याला आई नाही. औषध घातलं आणि तो मेला तर कोण मेलं म्हणायचं?

त्यात शांताने पाचवी काढली. पाचव्या दिवशी सटवाई येते, बाळाच्या कपाळावर नशीब लिहिते, म्हणून पाटावर कोरा कागद नि लेखणी ठेवायची. शांताने कोरा कागद आणि निळं पेन लिफाफ्यात घालून आल्बिनाच्या आईकडे पोचतं केलं.

हेमांगी भडकली. "आई, तेजूच्या कपाळावर लिहिलंय ते पुरे नाही झालं? तेच पुन्हा लिहून घ्यायचंय?"

"तिथे कपाळच नाही गं," शांता म्हणाली. "मग बाई लिहील कुठे? कागदावरच लिहील. एकदा तरी वाचता येईल आपल्याला."

आल्बिनाने फोनवर सांगितलं, "काकू, आत काही ठेवता येत नाही, जंतू शिरतात. गोळे ठेवलेत त्या पेटीला बाहेरून चिकटवते."

"चालेल. सटवाईला काचेतून दिसतं."

मग आठ महिने. फोन वाजला की हेमांगीच्या हातातलं पडायचं. तेजू आता हाताला धरून चालायची. तिला दिसायचा तो गडद जांभळा खडू, तोही डोळ्याजवळ धरला तर. आजोबांचं नाव गेलं. आजीचं गेलं. हेमांगीने विचारायचंच सोडलं, कारण पुढचं नाव तिचं होतं.

आणि एका रविवारी आल्बिना आली. पाचवीचा लिफाफा शांताच्या हातात दिला आणि मोबाईलवर फोटो दाखवले. तेजूच्या गोळ्यांत कचऱ्याचे ठिपके भरलेले. सात औषधं घालून बघितली, सहा फुकट. सातव्याने ठिपके कमी झाले.

"म्हणजे औषध सापडलं?" देवेश उभाच राहिला.

"नाही. बशीत कमी झाले एवढंच. माणसाला द्यायला अजून वर्षं जातील."

"तेजूला तेवढी वर्षं आहेत?" हेमांगीने विचारलं.

"हेमांगी, मी हो म्हणू शकत नाही." मग खाली बघत आल्बिना म्हणाली, "आणि हेच पुन्हा दिसतं का ते नव्या पेशींवर बघायला हवं. परत एकदा कातडी लागेल."

"नाही," हेमांगी म्हणाली. "तिला मिळणार काहीच नाही आणि पुन्हा टोचायचं? नाही देणार." आणि आत निघून गेली.

शांता लिफाफा घेऊन तिच्या मागे गेली. "पाचवीचा कागद परत आलाय. बघ तरी."

हेमांगीने उघडला. कागदावर एकच रेघ होती. जांभळी, थरथरती, मधे दोनदा अडखळलेली, पण ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत गेलेली. हेमांगी तिच्याकडे किती वेळ बघत राहिली. मग शांताच्या तोंडाकडे बघितलं. मग कागद घडी करून कमरेला खोचला, बाहेर आली आणि म्हणाली, "कधी आणू तिला?"

आता दात सांभाळायला हवेत, म्हणून सांगते. शांता म्हणजे मीच. विमानाचं नि अर्नाळ्याचं खरं आहे, पण सटवाईने रेघ मारली नाही. कागद कोराच आला होता. आल्बिना फोटो दाखवत होती तेव्हा मी मोरीच्या दारात, तेजूच्या खडूने ती मारली. हात माझा कापतो, म्हणून थरथरती.

पाठवलं होतं निळं पेन. आणि माझ्या सुनेला रंग चांगले कळतात.