वेलीतलं पान

"छातीच्या एक्स-रेची जुनी फिल्म घेऊन या. फुप्फुसावरचा हा डाग तेव्हाही असेल तर काळजी नाही. नसेल तर लगेच पुढचं बघावं लागेल," डॉक्टरीणबाईंनी तिला सांगितलं.

नवऱ्याची ती फिल्म आता धड राहिली नव्हती. लोकांच्या भिंतींवर नक्षी काढून देणं हे तिचं काम. कागदी स्टेन्सिल दोन भिंतींतच लिबलिबीत होते, एक्स-रेची फिल्म मात्र वर्षभर दाद देत नाही. मागच्या महिन्यात कपाट आवरताना हाती लागली, तशी तिने त्यावर वेल कोरली होती, नेमकी छातीवरून.

घरी येताच तिने रंगाचं खोकं पालथं केलं. कोरून निघालेली पानं ती टाकत नसे. भिंतीवर पान धरून भोवतीने रंग मारला की उलटी नक्षी उठते. देवाचं नाव घेत तिने एकेक पान चिकटपट्टीने जागच्या जागी बसवलं आणि फिल्म खिडकीशी धरली. वरच्या पानावर पांढरा ठिपका होता.

"सापडला की!" नवरा मागून म्हणाला. "उगाच जीव खाल्ला त्या बाईने. आणि काय गं, माझ्या छातीवर वेल चढवलीस? सांगायचंस तरी, रोज पाणी घातलं असतं."

तिला हसू येईना. मागच्या गिऱ्हाइकाच्या घरी तिने पांढराच रंग वापरला होता. ठिपका खरवडला की कळलं असतं. नख काही पुढे होईना.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी दोन्ही फिल्म उजेडाच्या पेटीवर लावल्या. त्या ठिगळांकडे बघून भुवया उंचावल्या, मग पट्टीने मोजलं. "जागा तीच, आकारही जवळपास तोच. जुनाच दिसतोय. सहा महिन्यांनी या."

"चल, सुटलो!" नवरा दारापाशी पोचलासुद्धा.

ती उठली, पण पेटीपाशीच थांबली. सहा महिने.

"बाई, तो रंग असेल," ती कशीबशी म्हणाली. "माझा."

"अगं, काहीतरीच काय!" नवरा वळून म्हणाला.

तिने बोट ओलं केलं.  पानावरचा ठिपका एकदाच घासला. पानातून बरगडीची रेघ सलग गेलेली दिसली, भोवती स्वच्छ काळं. पांढरी खपली तिच्या बोटाला चिकटली होती.

डॉक्टरीणबाईंनी पुढच्या तपासणीसाठी लगेच फोन उचलला.

"काय निघालं?" नवऱ्याने दारातून विचारलं. "अगं, बोल ना."