दोरीची टोपली आणि पंधरा मजले

चौथा मजला

कचऱ्याच्या गाडीचं गाणं गल्लीच्या तोंडाशी आलं, की पाओ-चूबाई रोज बाल्कनीतून दोरीनं टोपली खाली सोडायच्या. खाली को काका ती वरच्यावर झेलायचे. कचऱ्याची पिशवी जमिनीला टेकवायची नाही, हा तैपेईचा नियम; काकांनी तो कधी मोडला नव्हता.

गुडघे गेल्यापासून बाई खाली उतरल्याच नव्हत्या. मुलाचं एकच पालुपद: "लिफ्ट होणार असेल तर राहा. नाहीतर नववर्षानंतर तायचुंगला माझ्याकडे ये."

तायचुंगला त्या कुणाला ओळखत होत्या? सुनेला. तेवढं पुरे होतं.

लिफ्ट होणार होती, पण पंधरा मजल्यांसकट. जुन्या इमारती पाडून नगरपालिकेला टॉवर हवे होते. आज त्याची जाहीर सभा. टॉवरविरुद्ध सगळ्यात मोठा आवाज, तळमजल्यावर सोया दुधाचं दुकान चालवणाऱ्या को काकांचा. ते हलले तरच गल्ली हलणार. म्हणून आज बाई स्टूल आणि कचऱ्याची पिशवी घेऊन स्वतःच जिना उतरायला लागल्या.

तिसरा. दुसरा. पहिला.

स्टूल टेकवलं, बसल्या. उठल्या. स्टूल. गुडघा. शिवी. स्टूल.

तळ

भूमिदेवाच्या देवळाच्या अंगणात सगळी गल्ली जमली होती, आणि निम्म्यांच्या मांडीवर कचऱ्याच्या पिशव्या.

"टॉवरमध्ये शेजारी मेला तरी कळत नाही!" काका माइकवर गरजले.

"मी जिन्यातच मरेन, को," पाओ-चूबाई म्हणाल्या. "तुला लगेच कळेल."

हशा ओसरतो न ओसरतो तोच गाणं ऐकू आलं. सगळे उठले.

"थांबा, मतं राहिलीत!" नगरपालिकेच्या शेनबाई ओरडल्या.

"गाडी थांबते का? ही वेळ दिली कुणी?" गर्दीतून कुणीतरी विचारलं.

"मीच." शेनबाई लाजल्या. "मी टॉवरमध्ये राहते. आमच्या तळघरात कचराखोली आहे, कधीही टाकता येतो. गाडी लक्षातच आली नाही."

"ऐकलंत?" काका पळता पळता म्हणाले. "गाणंसुद्धा विसरतो माणूस!"

गाडी

रांगेत काकांनी सवयीनं वर बघून हात पसरले.

"इथं आहे मी, येड्या," शेजारून पाओ-चूबाई म्हणाल्या. त्यांनी पिशवी स्वतः गाडीत भिरकावली. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. शिंप्याच्या मुलीचं लग्न ठरलं, तिसऱ्या घरातलं मांजर व्यालं, सगळं तिथंच कळलं. मग बाईंनी जिन्याकडे पाहिलं.

"मी नेतो, ताई," काका म्हणाले. "चार तर मजले!"

पहिला. दुसरा.

पहिल्यापर्यंत काका टॉवरच्या सावलीबद्दल बोलत होते. दुसऱ्यापर्यंत नुसतं "सावली" म्हणत होते. बाई कठड्याला धरून एकेक पायरी चढत होत्या. स्टूल, राहिलेल्या मतांसाठी वही घेऊन मागून येणाऱ्या शेनबाईंच्या हातात होतं.

तिसऱ्याच्या अलीकडे

काकांनी शेनबाईंकडून स्टूल हिसकावून घेतलं आणि बसले.

"ताई... हे असं रोज?"

"म्हणून तर टोपली."

काकांनी धापा टाकत वरचा राहिलेला जिना पाहिला.

"लिहा हो," काका शेनबाईंना म्हणाले. "को टॉवरला तयार. पण कचराखोली तळघरात नको. रस्त्यालगत हवी, समोर बाकं हवीत. सगळ्यांनी एकाच वेळी यायचं आणि वाट बघायची."

"कशाची? गाडी तर खोलीतून कचरा नेईल."

"तरी बघायची."

शेनबाईंनी लिहून घेतलं.

"आता ऊठ, को," कठडा घट्ट धरून पाओ-चूबाई म्हणाल्या. "स्टूल माझं आहे."